आंब्याच्या खोडावरचे फॅलेनॉप्सिस

फुलांच्या दुकानात पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत, काठीला बांधलेल्या दांड्यावर ओळीने बसलेली शुभ्र वा जांभळट फुले मिरवीत उभे असलेले फॅलेनॉप्सिस पाहिले, म्हणजे हे ऑर्किड वातानुकूलित दिवाणखान्याबाहेर आठवडाभरही तग धरणार नाही असा जो समज पाहणाऱ्याच्या मनात सहजच उत्पन्न होतो, तो या वनस्पतीच्या मूळ मुलखातील हवामानाशी ताडून पाहिला असता टिकत नाही. जावा, बोर्निओ, फिलिपाइन्स, न्यू गिनी या बेटांवरील सदाहरित अरण्यांत, समुद्रसपाटीपासून फारशा उंच नसलेल्या जागी, झाडांच्या खोडांना आणि फांद्यांना मुळांनी घट्ट धरून ते वाढते. तेथे दिवसा उष्णतामान ३० अंश सेल्सिअसच्या आसपास, रात्री त्याहून सहासात अंश कमी, हवा बारमाही दमट आणि पाऊस विपुल असतो. इंडोनेशियाने १९९३ साली ज्या तीन फुलांना राष्ट्रीय पुष्पांचा मान दिला, त्यांत फॅलेनॉप्सिस अमाबिलिस या जातीचा समावेश आहे. आपल्या कोकणची आणि गोव्याची हवा त्या बेटांच्या हवेपासून फार दूरची नाही; मोठा फरक एवढाच, की तेथील पाऊस वर्षभर विभागून पडतो आणि आपला चार महिन्यांत कोसळून आठ महिने पाठ फिरवितो. हा एक फरक नीट ध्यानी घेऊन त्याची तजवीज केली, तर डहाणूपासून काणकोणपर्यंतच्या किनारपट्टीत हे ऑर्किड घराबाहेर, उघड्यावर, आंब्याच्या वा फणसाच्या खोडावर वर्षानुवर्षे सुखाने नांदू शकते, आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

नाजूकपणाची ही कीर्ती या वनस्पतीला युरोपातील काचघरांनी मिळवून दिली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी उष्ण कटिबंधातून गलबतांनी इंग्लंडात येऊन पोहोचणारी ऑर्किडे तेथील बागाईतदारांनी बंद काचघरांत, भट्टीच्या धगीवर आणि पाण्याच्या वाफेत, वाऱ्याला फटही न ठेवता वाढवावयास घेतली. उष्ण प्रदेशातील सर्वच अरण्ये सदासर्वकाळ कोंदट आणि तप्त असतात या कल्पनेवर तो सारा बंदोबस्त उभारलेला असल्यामुळे हजारो रोपे त्या घरांत कुजून गेली. चॅट्सवर्थ येथे डेव्हनशरच्या सहाव्या ड्यूकच्या पदरी असलेला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने १८३० नंतरच्या काळात घरांतून वारा खेळता ठेवला, उष्णता कमी केली, निरनिराळ्या प्रदेशांतील जातींना निरनिराळे उष्णतामान दिले, आणि रोपे जगू लागली. याच ड्यूकने जॉन गिब्सन नावाच्या आपल्या तरुण माळ्याला १८३५ साली हिंदुस्थानात पाठविले आणि त्याने खासी टेकड्यांतून गोळा केलेला ऑर्किडांचा संग्रह १८३७ साली चॅट्सवर्थला पोहोचला. ह्यू कमिंग या वनस्पतिसंग्राहकाने फिलिपाइन्समधून धाडलेल्या फॅलेनॉप्सिसच्या एका रोपासाठी तर ड्यूकने शंभर गिनी मोजल्या. पॅक्स्टनचा धडा वाऱ्याचा होता. परंतु ऑर्किडांच्या लागवडीवरील बहुतेक इंग्रजी पुस्तके पुढेही काचघरासाठीच लिहिली गेली, आणि ज्या देशात हिवाळ्यातील दिवस आठ तासांचा असतो त्या देशाच्या सोयीने त्यांतील सूचना ठरल्या. थंडीपासून जपा, मिळेल तेवढा प्रकाश द्या, घरातील दमटपणा बाहेर जाऊ देऊ नका, या तिन्ही सूचना आपल्याकडे अक्षरशः पाळल्या, तर पहिली निरर्थक ठरते, दुसरीने मार्चअखेर पाने करपतात आणि तिसरीने आषाढात कोंब कुजतो. सिंगापूरच्या वनस्पतिउद्यानाचे एके काळचे संचालक एरिक हॉल्टम यांनी १९५३ साली मलायाच्या सखल प्रदेशातील बागकामावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला, त्यामागील निकड हीच होती. उष्ण देशातील माणसाने उष्ण देशातीलच झाडाकडे पाहून शिकले पाहिजे.

या वनस्पतीचे शील तिच्या मुळांत आहे. फॅलेनॉप्सिसच्या मुळाचा आडवा छेद भिंगाखाली धरला असता मध्यभागी वाहक ऊतींची बारीक दोरी, तिच्याभोवती हिरवट जिवंत थर आणि सर्वांत बाहेर मृत, पोकळ पेशींचे जाड, सच्छिद्र वेष्टन आढळते. व्हेलामेन या नावाने ओळखले जाणारे हे वेष्टन कोरडे असताना रिकाम्या पेशींतील हवेमुळे चंदेरी पांढरे दिसते आणि पाण्याचा शिडकावा होताच काही क्षणांत ओथंबून पारदर्शक होते, त्यामुळे आतील हरितद्रव्याचा रंग बाहेर दिसू लागून मूळ हिरवे पडते. मुळाचा चंदेरी रंग म्हणजे पाण्याची मागणी आणि हिरवा रंग म्हणजे तूर्त पुरे, एवढी साधी ही नोंदवही असून तिच्यापेक्षा विश्वासार्ह मार्गदर्शक मला अद्याप आढळलेला नाही. ही मुळे प्रकाशसंश्लेषणही करतात. कोरड्या दिवसांनंतर पडणाऱ्या पहिल्या सरीचे पाणी पानांवरील आणि सालीवरील धूळ, पाखरांची विष्ठा, कुजलेला पाचोळा यांतील क्षार धुऊन खोडावरून खाली ओघळते, आणि ते सर्वांत पौष्टिक पाणी क्षणार्धात टिपून घेऊन मग सावकाश आतल्या थरांना पुरविणे हे त्या वेष्टनाचे कार्य आहे. मात्र पाणी टिपल्यानंतर त्याच पेशींत पुन्हा हवा भरली पाहिजे. ओले होणे आणि सुकणे, पुन्हा ओले होणे आणि पुन्हा सुकणे, या फेऱ्यावर मुळांचे आयुष्य अवलंबून असते. जेथे हा फेरा थांबतो आणि ओल कायम राहते तेथे प्राणवायूच्या अभावी आतील जिवंत थर मरतो, आणि मूळ बोटांनी दाबल्यास त्याचे वेष्टन हातात येऊन आतील दोरी तेवढी शिल्लक राहते. तांबडी माती आणि शेणखत भरलेल्या कुंडीत लावलेले फॅलेनॉप्सिस पहिल्याच पावसाळ्यात दगावते ते या कारणाने, आणि त्याचा दोष मात्र हवेच्या माथी मारला जातो.

पानांची रीतही अशीच समजून घेण्याजोगी आहे. बहुतेक वनस्पती दिवसा पर्णरंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि त्याच वाटेने पुष्कळ पाणी गमावतात. फॅलेनॉप्सिस, निवडुंग आणि अननस यांच्याप्रमाणे, रंध्रे रात्री उघडते, घेतलेला वायू मॅलिक आम्लाच्या रूपाने साठविते आणि दिवसा रंध्रे मिटून घेऊन त्या साठ्यावर आपले अन्न तयार करते. झाडाच्या सालीवर पाण्याचा साठा नसतो, म्हणून निसर्गाने केलेली ही काटकसर आहे. माणसाने यावरून घ्यावयाचा बोध असा, की या वनस्पतीला रात्रीची हवा दिवसाच्या हवेइतकीच, किंबहुना अधिक, महत्त्वाची आहे. वैशाखातील कोकणी रात्र माणसाला असह्य वाटली तरी ती दमट असते, आणि झाडाखाली तिला थोडा वारा असतो. याउलट शहरातील काँक्रीटचा सज्जा दिवसभर तापून रात्रभर ती उष्णता बाहेर टाकीत राहतो, आणि त्यात वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या पेटीतून निघणारा कोरडा गरम झोत कुंडीवर येत असेल, तर त्या जागी फॅलेनॉप्सिस ठेवूच नये.

आता कोंबाविषयी. फॅलेनॉप्सिसचे खोड अगदी आखूड असून ते एकाच टोकाने वाढते. समोरासमोर दोन ओळींत फुटणाऱ्या रुंद, मांसल पानांच्या मधोमध हा एकमेव वाढता कोंब बसलेला असतो. डेन्ड्रोबियमसारख्या ऑर्किडांत एक कांडे मेले तरी बुडातून दुसरे फुटते. येथे कोंब कुजला तर बाजूने नवी फूट येईलच अशी शाश्वती नसते. अरण्यात ही वनस्पती खोडाला आडवी वा तिरपी लटकते, पाने खाली झुकलेली असतात, आणि कितीही पाऊस पडला तरी पानांच्या बेचक्यातील पाणी ओघळून जाते. दुकानातील कुंडीत मात्र तिला सरळ उभी केलेली असते, कारण तशी ती पेटीत भरावयास आणि टेबलावर मांडावयास सोयीची पडते. सरळ उभ्या रोपाचे बेचके पावसाळ्यात भरलेले राहते, रात्रभर पाणी साचते, आणि सकाळी मधले पान ओढताच निघून हातात येते. कोकणात उघड्यावर मेलेल्या फॅलेनॉप्सिसांपैकी बहुसंख्य या एका कारणाने मेलेली असतात असे माझे निश्चित मत आहे. उन्हाने मरणारी त्यामानाने थोडी. म्हणून उघड्यावर वाढवावयाचे तर कुंडी सोडून खोडाचा आश्रय घ्यावा, आणि तो शक्यच नसेल तर कुंडी तरी कलती टांगावी.

झाड निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात: साल खरखरीत आणि टिकाऊ असावी, आणि छाया बारमाही असावी. आंबा, फणस आणि चिकू ही तिन्ही झाडे या कामी उत्तम. आंब्याच्या जुन्या खोडावरील भेगांत मुळे विशेष लवकर शिरतात. नारळाचे खोड चालते, पण त्याच्या शेंड्याची सावली विरळ असल्यामुळे भोवती इतर झाडे असतील तरच त्याचा विचार करावा, आणि वरून कोसळणाऱ्या झावळ्यांचे भय लक्षात ठेवावे. पेरू आणि निलगिरी यांची साल पापुद्र्यांनी सुटते, तेव्हा त्यांवर बांधलेले रोप सालीसकट खाली येते. पांगारा, सावर यांसारखी पानझडी झाडे नेमक्या ज्या महिन्यांत सावलीची गरज अधिक त्याच महिन्यांत उघडी पडतात. खोडाची बाजू निवडण्यासही मी फार महत्त्व देतो. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो आणि दुपारचे ऊन पश्चिमेकडून. म्हणून खोडाच्या ईशान्य किंवा पूर्व बाजूस, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर रोप बांधावे, म्हणजे सकाळचे कोवळे ऊन त्याला मिळते, दुपारी खोडाचीच सावली पडते, आणि मुसळधार पावसाचा थेट मारा खोड आपल्या अंगावर घेते. प्रकाश पुरेसा आहे की नाही हे पानच सांगते: ते पोपटी हिरवे असावे, काळपट हिरवे झाले तर सावली फार, पिवळट होऊन कडांशी तांबूस छटा आली तर ऊन फार. करपलेला डाग पुन्हा कधीही हिरवा होत नाही.

या संदर्भात एक खंत सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपल्या आमराया ज्या वेळी साफ केल्या जातात, त्या वेळी खोडावर आणि फांद्यांवर वाढलेले प्रत्येक परके पान बांडगूळ समजून कोयत्याने खरवडून टाकण्याचा शिरस्ता आहे, आणि त्यात सीतेची वेणी, रास्ना, पांढरे डेन्ड्रोबियम ही आपली देशी ऑर्किडे सरसकट नष्ट होतात. बांडगूळ हे खरोखर परोपजीवी आहे. त्याची मुळे फांदीचे लाकूड भेदून आत शिरतात, रस ओढतात, आणि सांध्यापाशी फांदीला गाठ येते. ऑर्किड ही अपिवनस्पती आहे. तिची मुळे सालीवरून केवळ पसरतात, लाकडात शिरत नाहीत आणि झाडाच्या रसाचा थेंबही घेत नाहीत. मूळ सोडवून पाहिले असता खाली गाठ वा भोक दिसत नाही, एवढ्या एका खुणेवरून दोहोंतील भेद कोणत्याही गड्याला दाखवून देता येतो, आणि तो ज्याने त्याने आपापल्या बागेत दाखवून द्यावा.

कारण खोडावर ऑर्किड कोठे आणि कसे जगते, याचे शिक्षण ही देशी ऑर्किडेच देतात. सीतेची वेणी, जिला कोठे द्रौपदीची वेणीही म्हणतात आणि जी शास्त्रात ऱ्हिंकोस्टायलिस रेट्युसा या नावाने ओळखली जाते, ती सह्याद्रीत आणि कोकणात आंब्याफणसांवर पूर्वापार आढळते. आसामात ती कपौ फूल म्हणून बिहूच्या नृत्यात स्त्रियांच्या केसांत माळली जाते. मलबारच्या डच अमलातील गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान रीड याने तयार करविलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथात, जो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे छापला गेला, या वनस्पतीचे चित्र आणि वर्णन आहे. अंजिलीच्या झाडावर वाढणारी म्हणून तेथे तिचे नाव अंजिली मरवर असे नोंदविलेले आहे. त्या ग्रंथातील माहितीच्या सत्यतेबद्दल रंग भट, विनायक पंडित आणि आप्पू भट या कोचीन येथील कोकणी वैद्यांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेला दाखला आजही ग्रंथाच्या पहिल्या खंडात छापलेला पाहावयास मिळतो. अलीकडच्या काळात मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातील फादर सांतापाव यांनी झेड. कापडिया यांच्यासह लिहिलेला 'द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे' हा १९६६ सालचा ग्रंथ आपल्याकडील जातींच्या अभ्यासाचा पाया आहे. सीतेची वेणी जेथे जोमाने वाढते त्या खोडाचे निरीक्षण केले, तर मुळे सालीवरून मोकळी पसरलेली, रोप तिरपे लटकलेले, वारा चोहोबाजूंनी खेळता आणि पावसानंतर खोड तासादोनतासांत सुकणारे, अशी स्थिती दिसून येते. फॅलेनॉप्सिसला याच जागा द्याव्यात, फक्त सावली थोडी अधिक.

रोप बांधण्याचा योग्य काळ मेअखेर ते मृगाचा पहिला पाऊस, कारण बहर संपून याच सुमारास नवीन मुळांची हिरवी टोके फुटू लागतात आणि पावसाच्या दमटपणात ती सालीला चिकटून बसतात. दुकानातून आणलेले रोप छायागृहात वाढलेले असल्याने त्याला आधी काही आठवडे ओसरीवर, मग झाडाखाली असे सवयीने बाहेर आणावे. कुंडीतील भिजकी शेवाळी सारी काढून टाकावी, कुजलेली मुळे स्वच्छ कात्रीने कापावीत, आणि खोडावर नारळाच्या सोडणाचा पातळ तंतुमय तुकडा ठेवून त्यावर रोप कोंब खाली झुकेल अशा बेताने तिरपे बसवावे. सोडण वापरण्यापूर्वी दोनतीन दिवस पाणी बदलून भिजत ठेवावे, कारण त्यात क्षार असतात. बांधण्यास सुती चिंधी किंवा काथ्याची मऊ दोरी घ्यावी; नायलॉनची दोरी किंवा तार मुळांना कापते आणि खोडालाही काचते. बांधणी घट्ट हवी, कारण वाऱ्याने हलणाऱ्या रोपाच्या मुळांची टोके सालीवर घासून मरतात आणि रोप वर्षभर तसेच राहते. चिंधी आपोआप कुजून गळून पडेपर्यंत मुळांनी आपली पकड घेतलेली असते.

त्यानंतरचा पहिला पावसाळा ही खरी कसोटी. आषाढ-श्रावणात पाणी अर्थातच द्यावयाचे नाही. पण दोनतीन दिवसांची उघडीप पडली आणि मुळे चंदेरी दिसली तर द्यावयाचे. या दिवसांत शंखी आणि गोगलगायी रात्री मुळांची कोवळी टोके कुरतडतात. कंदील घेऊन हाताने वेचून काढणे हा त्यांवरील सर्वांत खात्रीचा उपाय. पानावर पाणी भरल्यासारखा पारदर्शक, दुर्गंधी डाग दिसला, तर तो जंतूंमुळे होणारा कुजवा असून तो एका रात्रीत पान खाऊ शकतो; ज्योतीवर तापवून निववलेल्या पात्याने डागाच्या बाहेरचा बोटभर निरोगी भागही धरून पान कापावे आणि कापलेल्या कडेवर दालचिनीची पूड लावावी. ही पूड मुळांवर पडू देऊ नये, ती त्यांना सुकविते.

पाऊस संपला म्हणजे पुष्कळांचे लक्ष सुटते, आणि रोपे खरी वाळतात ती या काळात. आश्विनातील उन्हाळी झळ, ज्याला शहरात ऑक्टोबर हीट म्हणतात, पावसाळ्यात मऊ झालेल्या पानांना बाधक ठरते. तेव्हापासून रोज सकाळी, आणि फाल्गुनापासून वैशाखापर्यंत सकाळी व पुन्हा चारच्या सुमारास, मुळे हिरवी होईपर्यंत पाणी शिंपडावे. संध्याकाळपर्यंत पानांचे बेचके कोरडे झालेले असावे एवढे पथ्य पाळावे. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी जड असेल तर मुळांवर पांढरा थर बसतो. पागोळ्यांचे पावसाचे पाणी साठविता आले तर त्यापरते उत्तम काही नाही. खताचा प्रश्न थोडक्यात आटोपण्याजोगा आहे: एकोणीस-एकोणीस-एकोणीस या नावाने मिळणारे विद्राव्य खत, लिटरभर पाण्यात अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही आधी साध्या पाण्याने मुळे भिजविल्यानंतर. याहून अधिक देऊन आजवर कोणाचे भले झालेले नाही.

आता बहराकडे वळू. फॅलेनॉप्सिसचा फुलांचा दांडा उष्णतामानाच्या हुकमाने निघतो. हवा सतत २८ अंशांच्या वर राहिली तर तो सहसा निघत नाही, पानांवर पाने येत राहतात; काही आठवडे ती २५ अंशांच्या खाली उतरू लागली की पानाच्या बगलेतून दांड्याचे टोक डोकावते. म्हणूनच सिंगापूरसारख्या विषुववृत्तीय सखल शहरात, जेथे रात्रही क्वचितच पुरेशी थंड होते, मोठ्या फुलांच्या आधुनिक संकरित जाती फुलविणे जिकिरीचे असते. कोकणाला मात्र या बाबतीत उत्तरेकडे मार्गशीर्ष-पौषात १६-१७ अंशांपर्यंत, दक्षिणेकडे १९-२० अंशांपर्यंत उतरणाऱ्या रात्री लाभलेल्या आहेत, आणि जुन्या झाडाच्या दाट सावलीतील दुपारही उघड्या अंगणाहून बरीच थंड असते. डिसेंबरच्या मध्याला ज्या बाजूने दांडा निघेल त्या बाजूने तो प्रकाशाकडे वळत वाढतो. खोडावरील रोपाचा दांडा कमानीसारखा खाली झुकतो आणि फुले त्याच्या दोहों बाजूंस आपापली तोंडे उजेडाकडे करून बसतात. कुंडी टांगलेली असेल तर कळ्या धरल्यावर ती फिरवू नये, नाही तर अर्धी फुले एकीकडे आणि अर्धी दुसरीकडे पाहू लागतात. काठी, चिमटे, आधार यांची खोडावर काही आवश्यकता नसते. फेब्रुवारीत उमललेले फूल दोन महिने, कधी त्याहूनही अधिक टिकते.

येथे कोकणातील घरांना विशेष लागू पडणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑर्किडांची फुले इथिलीन या वायूला अत्यंत संवेदनाक्षम असतात. हवेत त्याचे प्रमाण किंचित वाढले तरी कळ्या पिवळ्या पडून गळतात आणि उमललेली फुले अकाली मिटतात. हा वायू पिकणाऱ्या फळांतून बाहेर पडतो, आणि आंबा हे त्यांतील अग्रगण्य फळ आहे. झाडावरील कच्च्या कैऱ्यांपासून फुलांना काही धोका नाही, उघड्या हवेत वायू साचतही नाही; परंतु बहरातील टांगती कुंडी कौतुकाने घरात आणून ज्या खोलीत हापूसची अढी घातली आहे त्याच खोलीत ठेवली, तर दोनतीन दिवसांत फुलांचा निकाल लागतो. चैत्रात फुले गळाली म्हणजे उन्हाला दोष देण्यापूर्वी अढी कोठे आहे ते पाहावे.

घाटावरील वाचकांसाठी दोन शब्द. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा अतिशय कोरडी होते आणि जानेवारीतील काही रात्री १० अंशांपर्यंत उतरतात. फॅलेनॉप्सिसला १५ अंशांखालील रात्री सोसत नाहीत. तेथे पावसाळा आणि शरद ऋतू बाहेर, कडक थंडीत ओसरीच्या आत, आणि उन्हाळ्यात ओल्या विटांच्या सान्निध्यात दाट सावलीत, असा मुक्काम बदलत ठेवावा लागतो, म्हणून खोडापेक्षा टांगती कुंडी बरी. कुंडी भोकाभोकांची मातीची असावी आणि तीत लोणारी कोळसा व विटांचे तुकडे यांवाचून काही नसावे. विदर्भात, जेथे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथे ही वनस्पती उघड्यावर लावण्याचा आग्रह धरू नये.

रोप कोठून आणावे, हा प्रश्न शेवटी उरतो. ऑर्किडाच्या एका शेंगेत लक्षावधी बिया असतात, पण त्या धुळीसारख्या सूक्ष्म असून त्यांत अंकुराला पुरेल असा अन्नसाठा नसतो. विशिष्ट बुरशीचा आश्रय मिळाला तरच त्या रुजतात, हे फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बेर्नार याने १८९९ साली दाखवून दिले. १९२२ साली अमेरिकेत ल्युइस नडसन याने साखर आणि क्षार घातलेल्या अगरच्या माध्यमावर बुरशीवाचून बिया रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून ऑर्किडे अरण्यातून ओरबाडण्याचे कोणतेही समर्थन उरलेले नाही. दुकानातील फॅलेनॉप्सिस प्रयोगशाळेतील बाटलीतूनच आलेले असते. देशी जातींची स्थिती मात्र वेगळी आहे. पावसाळ्यात घाटरस्त्यांवर आणि बाजारांत फांदीसकट तोडून आणलेली रोपे विकावयास बसलेली माणसे आजही दिसतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत निळी व्हँडा, तांबडी व्हँडा आणि लेडीज स्लिपर ऑर्किडे यांचा अंतर्भाव आहे, आणि सर्वच ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स करारान्वये नियंत्रित आहे. पण कायद्यात जिचे नाव नाही ती जात अरण्यातून आणण्यास मुभा आहे असा अर्थ कोणी काढू नये, आणि अशी रोपे विकत घेऊ नयेत. घेणारा नसेल तर तोडणारा राहणार नाही.

रोपवाटिकेत बियांपासून वाढविलेली सीतेची वेणी मिळाली, तर ती त्याच आंब्यावर, फॅलेनॉप्सिसच्या वर हातभर, जेथे उजेड थोडा अधिक आहे अशा फांदीच्या सांध्यापाशी याच रीतीने बांधावी. फॅलेनॉप्सिसचा बहर ओसरल्यानंतर, पावसाळ्याच्या तोंडाला ती फुलते. तिच्यावर शेंग धरली तर तोडू नये. ती तडकल्यावर बी वाऱ्याने सालीच्या भेगांत जाऊन बसते, आणि जुन्या खोडावर योग्य बुरशी असेल तर काही वर्षांनी खालच्या वा शेजारच्या फांदीवर बारीक पानांची नवी रोपे आढळतात. ती उपटून कुंडीत लावू नयेत.